सव्वाचा गंधार

नववीच्या पेपरांचा गठ्ठा सोडला की माझ्यापुरता चैत्र सुरू होतो. पालवी, कोकिळा वगैरे ज्यांना दिसतात त्यांना दिसोत. मला दिसतो तो लाल पेन आणि दहा भागिले तीन. वर्षानुवर्षं मी हे एकच गणित तपासत आले आहे. मुलं लिहितात, तीन पूर्णांक तेहतीस. खाली दोन रेघा ओढतात, झालं. अरे, बाकी कुठे गेली? तिला काय माशीनं नेलं? मी प्रत्येक पेपरवर लाल अक्षरांत ‘बाकी?’ असं लिहिते आणि अर्धा मार्क कापते. शाळेत माझं नावच त्यावरून पडलंय, बाकीबाई. मुरबाडच्या बाजारात एकदा माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं मला तशी हाक मारली आणि जीभ चावली. मला राग आला नाही. बाकी टाकून देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, हे खरंच आहे.

म्हणून तर तो एक चैत्र मला गिळता येत नाही. तीन वर्षं झाली. खिडकीतून समोरच्या रस्त्यावर निळ्या पताका चढताना दिसतात, शहापूरच्या चौकात कुणीतरी माइकवर ‘हॅलो, चेक’ करत असतं, आणि माझा पेन हातातल्या हातात थांबतो. सगळ्यात मोठी बाकी मीच खाल्ली आहे. तीही वर्गात नाही, माझ्या आजोळी, एका म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यातून.

आजोळ डोळखांबच्या पुढे. चैत्रात तिथे सकाळी मोहाच्या फुलांचा वास असतो, गोड आणि थोडा आंबूस, आणि दुपारनंतर राबाचा धूर. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर पाला, फांद्या, शेण पसरून भाजतात, तो राब. त्या धुराचा वास साडीला लागला की दोन धुण्यांत जात नाही. चार वाजता ऊन कलायला लागलं की विहाराच्या ओट्यावर सतरंजी पडायची आणि आमची गायन पार्टी जयंतीच्या तालमीला बसायची. ढोलकी, झांज, पेटी, आणि मधोमध सुदाममामा.

सुदाममामा म्हणजे आईचे चुलत भाऊ. आयुष्यभर कसाऱ्याला रेल्वेत गँगमन होते. उंबरमाळी ते कसारा हा तुकडा त्यांनी किती वेळा पायी तुडवला असेल, मोजदाद नाही. लांब दांड्याचा हातोडा घेऊन चालायचं आणि रुळाला टोले देत जायचं. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, मारता कशाला? ते म्हणाले, मारत नाय, विचारतो. रूळ धरून ठेवणारी चावी सैल असली तर वेगळी वाजते, तडा गेलेला रूळ वेगळा वाजतो. त्यांना ते डोळे मिटून कळायचं. दोन रुळांच्या मधे फट का ठेवतात तेही त्यांनीच सांगितलं होतं. उन्हात लोखंड वाढतं, त्या वाढीला जागा पाहिजे. जागा नाही दिली तर रूळ वाकडा होतो. एवढं शहाणपण मला वयाच्या आठव्या वर्षी फुकटात मिळालं होतं, आणि मी ते फुकटच घालवलं.

आधी मामा स्वतःच पेटी वाजवून गायचे. हातोड्यानं बोटं आखडली तेव्हा पेटी माझ्याकडे आली आणि शहापूरलाच राहिली. दर चैत्रात मी ती एसटीत मांडीवर घेऊन डोळखांबला न्यायची, जयंती झाली की परत आणायची. कंडक्टर दर वर्षी विचारायचा, बाई, बाळ किती वर्षांचं झालं?

त्या वर्षी माझा भाचा अमोल कीबोर्ड घेऊन आला. अमोल गोदामात कामाला आहे, पहिल्या बोनसचा कीबोर्ड, त्यामुळे कौतुक सगळ्यांनाच. पहिल्याच तालमीत कीबोर्ड आणि पेटी एकत्र वाजली आणि माझे दात आंबले. सा जुळत होता, पंचम जुळत होता, पण गंधार आला की दोघांत अशी थरथर सुटायची की ढोलकीवाल्यानंही मान वर केली. धैवताला तेच, निषादाला तेच. अमोल म्हणाला, आत्या, पेटी जुनी झालीय, चेक कर. त्यानं माझ्या मोबाइलवर सूर तपासायचं एक अॅप टाकून दिलं. सूर बरोबर असला की पडदा हिरवा, नसला तर लाल. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग करायचे, आणि सूर त्यातल्या किती भागांनी चुकला तो आकडा खाली दाखवायचा.

माझ्यासारख्या बाईच्या हातात असलं काही द्यायचं नसतं. मी रविवारी पेटी उघडली आणि एकेक सूर तपासत बसले. गंधार लाल. चौदानं कमी. तिन्ही सप्तकांतले गंधार, सगळे चौदानं कमी. धैवत सोळानं, निषाद बारानं. मी वहीच्या मागच्या पानावर लाल पेनानं तक्ता केला, ग उणे चौदा, ध उणे सोळा, नी उणे बारा. खाली रेघ ओढली. चुका इतक्या नेमाने, सगळ्या सप्तकांत अगदी सारख्या कशा झाल्या, हा प्रश्न मला पडला नाही. वर्गात तीन मुलांची एकच चूक सापडली तर मी लगेच विचारते, कुणी कुणाचं बघून लिहिलं? तिथे माझी बुद्धी कुठे गेली होती कोण जाणे.

पेटीच्या पोटात प्रत्येक सुराची एक पितळी जीभ असते. ती टोकाशी खरवडली की हलकी होते आणि सूर चढतो. बुडाशी खरवडली की उतरतो. एवढं मला माहीत होतं. कानस घेतली आणि वर्तमानपत्र पसरून बसले. संध्याकाळपर्यंत सगळे गंधार, धैवत, निषाद हिरवे. कागदावर चिमूटभर पिवळी पूड पडली होती, ती मी फुंकर मारून खिडकीबाहेर उडवली. त्या दिवशी मला इतकं समाधान झालं होतं, की आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

पुढच्या तालमीत मी मामांना सांगितलं, आपली पेटी बेसूर झाली होती, आता सगळी बरोबर लावून आणली. ते पेटीवर हात फिरवत म्हणाले, आसंल. मग गायला बसले. पहिली ओळ नेहमीसारखी उठली आणि गंधारावर येऊन अडखळली. ते थांबले. घसा खाकरला, पाणी प्यायले, पुन्हा घेतली. पेटीचा गंधार वर, मामांचा खाली, आणि मधे ती थरथर. अमोलचा कीबोर्ड मात्र आता पेटीशी एकदम जुळलेला. दोन यंत्रं एका बाजूला आणि एक म्हातारा माणूस दुसऱ्या बाजूला. चूक कुणाची, हे सांगायला गणिताची बाई कशाला हवी?

पण बाईनं सांगितलंच. “मामा, गंधार जरा वर घ्या.”

त्यांनी घेतला. पुन्हा खाली गेला. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला होता, लाल पडदा त्यांना दिसावा म्हणून. फळ्यासमोर उभं करून पोराला झापावं तसं. ज्या माणसाला रुळाचा तडा नुसत्या टोल्यावरून कळायचा, त्याला मी पडद्यावर लाल रंग दाखवत होते. मामांनी तो जरा वेळ बघितला. म्हणाले, वय झालं गो आता, आवाज बसला. आणि अमोलला म्हणाले, तू म्हन.

त्या जयंतीला अमोल पुढे बसला. मामा मागे झांज वाजवत होते. पुढच्या वर्षी झांजही नाही. विचारलं तर मामी म्हणायच्या, राबाचं काम हाय, नाय जमत त्येंना. गावातले म्हणायचे, सुदामभाऊचा गळा गेला. मीही मान हलवायचे.

मला कळलं ते एसटीत. मुरबाडहून सरळगाव, किन्हवली करत शहापूरला येणारी दुपारची गाडी, रस्ता असा की पोटातलं पाणी हलावं. दुसऱ्या दिवशी गुणोत्तर शिकवायचं होतं आणि मला मुलांसाठी काहीतरी नवीन उदाहरण हवं होतं. म्हटलं, सुरांचं देऊ. साच्या दीडपट कंपनं म्हणजे पंचम, हे कधीतरी वाचलं होतं. मग त्या पंचमाला सा मानायचं, त्याचा पंचम काढायचा, पुन्हा त्याचा, अशा बारा उड्या मारल्या की सात सप्तकं चढून आपण पुन्हा सावर यायला पाहिजे. मोबाइलवर दीड गुणिले दीड करत गेले. बारा वेळा. उत्तर आलं एकशे एकोणतीस पूर्णांक पंचाहत्तरच्या आसपास. आणि सात सप्तकं म्हणजे सात वेळा दुप्पट, एकशे अठ्ठावीस.

पुन्हा केलं. तेच. तिसऱ्यांदा केलं, किन्हवली आली. जुळेना. पुढे कितीही उड्या मारा, जुळणारच नाही, कारण एकीकडे तिनाचे गुणाकार आणि दुसरीकडे नुसते दोनाचे, ते कधी एकमेकांना भेटायचे नाहीत. मला त्या गाडीत खरोखर राग आला. निसर्गाचा, आकड्यांचा, कुणाचा ते ठरवता येईना. इतकी वर्षं मी मुलांचे अर्धे मार्क ज्या बाकीसाठी कापले, ती बाकी सप्तकातच बसली होती आणि तिला जायला कुठे वाटच नव्हती.

मग शहाण्यांनी काय केलं, तेही वाचलं. सप्तकाचे सारखे बारा भाग करून टाकले. उरलेली बाकी सगळ्यांत वाटली, प्रत्येक सूर थोडा थोडा खोटा केला, म्हणजे कुणा एकावर सगळं खोटं यायला नको. त्याचा फायदाही आहे, कुठल्याही पट्टीला सा धरा, वाजवता येतं. कीबोर्डाला तसंच पाहिजे. पण गंधार? एकटा माणूस तंबोऱ्याच्या सुरात गंधार लावतो तेव्हा तो साच्या बरोब्बर सव्वापट येतो. दीड आणि सव्वा. बाजारातली भाजीवालीही ज्याला चुकत नाही असा हिशेब. कीबोर्डाचा गंधार सव्वाच्या जरासा वर, शंभरातले चौदा भाग. आपल्या जुन्या लोकांना ही एवढीशी अंतरं ठाऊक होती, त्यांनी त्यांना श्रुती म्हणून नावं दिली होती. मामांना नाव ठाऊक नव्हतं. त्यांच्या गळ्यात नुसता सव्वा होता, स्वच्छ.

म्हणजे पेटी बेसूर नव्हतीच. कुणीतरी ती मुद्दाम, कान लावून, मामांच्या सासाठी तशी लावली होती. मी शहाणपणा करून ती पूड खिडकीबाहेर फुंकली होती. शहापूरला उतरले तेव्हा पिशवी गाडीतच राहिली, धावत जाऊन आणली.

आता इथे कुणी म्हणेल, मग गेलीस ना लगेच, सांगितलंस ना? नाही गेले. पूर्ण एक वर्ष नाही गेले. पेपर तपासताना चूक झाली तर मी विद्यार्थ्याला बोलावून मार्क वाढवून देते, त्याचा मला केवढा अभिमान. इथे मात्र रोज नवीन सबब. आधी पेटी नीट करू, मग सांगू. मामांना कुठे आता गायचंय? एवढा बारीक फरक त्यांना समजावणार कसा? हे तर मी स्वतःशी म्हणाले, आणि म्हणताना लाजही वाटली नाही. तो फरक या पंचक्रोशीत एकाच माणसाच्या कानाला कळत होता.

यंदा होळीनंतर पेटी उघडली. वहीचं मागचं पान काढलं. ग उणे चौदा, ध उणे सोळा, नी उणे बारा. मी ज्या चुका म्हणून लिहिल्या होत्या तीच नमुना उत्तरपत्रिका निघाली. दर रविवारी जिभा बुडाशी खरवडत बसले, अगदी हलक्या हातानं. मधल्या सप्तकातल्या गंधाराची जीभ तुटली. आधीच टोकाशी झिजवलेली, ती किती सोसणार? कल्याणहून जुन्या पेटीतली एक आणून बसवली. मग मोबाइल दूर ठेवला, सा आणि गंधार एकत्र दाबले आणि नुसती ऐकत राहिले. थरथर हळू झाली, आणखी हळू झाली, आणि थांबली. दोन सूर शांतपणे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले. त्या क्षणी मला रडू आलं, आणि त्याचा आनंदाशी काही संबंध नव्हता.

परवा पेटी घेऊन डोळखांबला गेले. मामा अंगणात होते. मागच्या तुकड्यावर राब नुकताच भाजलेला, राख अजून उबदार, वारा आला की काळी पानं उडून ओट्यावर पडत होती. मी ठरवून गेले होते, पेटी ठेवायची, बसायचं, सगळं सांगायचं. पण पेटी बघितल्यावर मामांचा चेहरा असा उजळला की माझी वाक्यं राहून गेली. म्हणाले, बरं झालं आनलीस, मला तुला कायतरी ऐकवायचंय. वाजव.

मी भाता ओढला आणि त्यांनी ती जुनी पहिली ओळ उचलली. आवाज थकलेला, पण भरलेला. ओळ चढत गेली, गंधारावर आली, आणि मामांचा गंधार पेटीच्या वर लागला. ठाम, न डगमगता, वर. मधे तीच थरथर, फक्त उलटी. मी हादरून पट्टीवरचं बोट उचललं. मामा डोळे उघडून हसले.

“आला ना बरोबर? तू म्हनलीस ना वर घ्या. नातीच्या मोबाइलमधी पेटी हाय, तिचा गंधार दाबून दाबून रोज बसवला. तीन वर्सं.”

रोज. त्या राबाच्या कडेला, आंब्याखाली, सत्तरीतला माणूस मोबाइलची एक पट्टी दाबत स्वतःचा खरा सूर मोडून खोटा बसवत होता, कारण भाची शिकलेली होती आणि तिच्या हातात लाल पडदा होता. आणि मी म्हणत होते, त्यांना कुठे आता गायचंय.

मी पुढे वाजवत राहिले. गंधार आला की बोट उचलायचं, तेवढी जागा रिकामी सोडायची. दोन ओळी तसं चाललं. पण मी कुणाला फसवत होते? मामा गाता गाता थांबले, पुढे वाकले आणि आपल्या आखडलेल्या बोटानं स्वतःच गंधाराची पट्टी दाबली. मान तिरकी करून ऐकत राहिले. हातोड्याचा टोला दिल्यावर ते असेच थांबत असणार.

“हा तर जुना हाय,” ते म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. दीड, सव्वा, बारा उड्या, सगळं, भरभर आणि वाईट. वर्गात असं शिकवलं असतं तर मुलांनी जांभया दिल्या असत्या. शेवटी एवढंच म्हटलं, तेव्हा तुमचा बरोबर होता मामा, पेटीचाही बरोबर होता, चूक माझी होती. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. बोट पट्टीवरच ठेवून सांगायला लागले, पेटी घेतली तेव्हा कल्याणच्या एका म्हाताऱ्या कारागिरानं त्यांना दिवसभर समोर बसवून एकच गंधार म्हणायला लावला होता. तो ऐकायचा, खरवडायचा, पुन्हा म्हणा म्हणायचा. जेवायलाही उठू दिलं नाही. मामांच्या गळ्यावरून ती पेटी लावली होती. हे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं कुठे होतं?

मग ते म्हणाले, धर गंधार. मी धरला. त्यांनी डोळे मिटले आणि खाली यायचा प्रयत्न केला. गळा वर गेला. पुन्हा केला, फार खाली पडला. तिसऱ्यांदा मधेच कुठेतरी लोंबकळला आणि सवयीनं परत वर जाऊन बसला. मी तीन वर्षांपूर्वी त्यांना तीनदा सांगितलं होतं. आता मी नुसता गंधार धरून राहिले. दारातून मामी बघत होत्या.

“आता नाय गो जात खाली,” मामा म्हणाले. “सांगायचं व्हतंस. रोज केला मी.”

रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. चहा झाला, मामींनी पिशवीत आंब्याच्या चार कैऱ्या घातल्या, आणि मी पाचच्या गाडीनं परत आले. पेटी मांडीवर होती. कंडक्टर नवीन होता, त्यानं काही विचारलं नाही.

आता पेपर समोर आहेत. दहा भागिले तीन, तीन पूर्णांक तेहतीस, खाली दोन रेघा. आज लाल पेन चालत नाहीये. चुकलंय हे दिसतं, पण ‘बाकी?’ लिहायला हात उचलला की वाटतं, हे विचारणारी मी कोण? मघाशी अमोलचा फोन आला होता. फार खुशीत होता. म्हणाला, आत्या, यंदा सुदामआजोबा पुढे बसणार, तालमीत एकदम सुरात गातात, कीबोर्डला चिकटून. तू पेटी आणू नकोस, उगाच दोन्हीचं जुळत नाही.

बरोबरच आहे. पेटी कपाटावर ठेवली आहे, कापड टाकून. तिचा गंधार आता सव्वाचा आहे, मी दोनदा तपासला. त्या गंधारात गाणारं कुणी उरलेलं नाही.